माल गेटमधूनच जातो: सांगली-मिरजेत सुरक्षा सल्लागाराचं काम

"साहेब, कॅमेरे किती लागतील?" कुपवाड एमआयडीसीतला कारखानदार असो, तासगावचा कोल्ड स्टोरेजवाला असो की मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या, पहिला फोन याच प्रश्नाचा येतो. फोनवर आकडा सांगितलात की तुम्ही कॅमेरेवाले झालात आणि पुढची सगळी बोलणी दरावर येणार. सल्लागारानं एवढंच म्हणावं: "आधी येऊन बघतो. बघण्याचे पैसे लागतील." यावर फोन ठेवणारी गिऱ्हाइकं तुमची नव्हेतच.

सल्लागार ना कॅमेरा विकतो, ना वॉचमन पुरवतो. मालकाचं काय जाऊ शकतं, कुठून जाऊ शकतं आणि ते थांबवायला कमीत कमी किती खर्च येईल, हे तो शोधून लेखी देतो. सांगली जिल्ह्यातली बरीच गळती भिंतीवरून होत नसते. माल दिवसाढवळ्या, चिठ्ठीसकट, गेटमधून जातो. हे मनात पक्कं असेल तर पाहणीचा क्रमच बदलतो.

परवाना लागतो का?

खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा २००५ चा आहे, त्यालाच सगळे 'पसारा' म्हणतात. नुसती पाहणी करून अहवाल देणारा त्या कायद्यातल्या 'एजन्सी'च्या व्याख्येत बसत नाही. पण त्या व्याख्येत गार्ड पुरवण्याबरोबर गार्डना आणि सुपरवायझरना प्रशिक्षण देण्याचा धंदाही आहे, आणि बरेच जण इथेच चुकतात. "अहवालासोबत तुमच्या वॉचमनना चार दिवस ट्रेनिंगही देतो" असं कोटेशनमध्ये लिहिलंत की प्रश्न उभा राहतो. विनापरवाना एजन्सी चालवण्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. ट्रेनिंगची गरज दिसली तर अहवालात तसं लिहा आणि काम परवानाधारक संस्थेकडे जाऊ द्या.

निवृत्त फौजी आणि पोलीस या धंद्यात बरेच येतात. त्यांची नजर तयार असते. अडचण वेगळीच असते: इथे हुकूम चालत नाही. मालकाला पटवावं लागतं आणि तेही रुपयांत. पुढे मोठ्या कंपन्यांची कामं हवी असतील तर एसिस इंटरनॅशनल या सुरक्षा व्यावसायिकांच्या जागतिक संघटनेचं पीएसपी किंवा सीपीपी प्रमाणपत्र उपयोगी पडतं. सुरुवातीला त्याच्यावाचून अडत नाही.

पत्राशिवाय पाऊल टाकू नका

कामाआधी मालकाच्या सहीचं अधिकारपत्र घ्या. त्यात कुठली जागा, कुठल्या तारखा, रात्री आत शिरण्याची चाचणी करायची की नाही, फोटो काढायचे की नाही, हे स्पष्ट हवं. रात्री दोन वाजता दुसऱ्याच्या भिंतीजवळ टॉर्च घेऊन उभा असलेला माणूस पोलिसांच्या गाडीला चोरच दिसतो. पत्राची प्रत खिशात ठेवा, मालकाचा रात्री लागणारा नंबर जवळ ठेवा आणि चाचणी असेल तर पोलीस ठाण्याला आधी कळवा.

पिशवीत अंतरासाठी लेसर मीटर, उजेड मोजायला लक्स मीटर, व्होल्टेज बघायला मल्टीमीटर, चांगली टॉर्च आणि वही एवढं पुरतं. ड्रोन वगैरे नंतर.

पाहणी तीन वेळा

एक पाहणी दिवसा, काम ऐन भरात असताना. दुसरी शिफ्ट बदलताना, कारण त्या पंधरा-वीस मिनिटांत गेटवर कुणाचंच लक्ष नसतं. तिसरी रात्री दोन ते चारच्या दरम्यान, न सांगता. मार्केट यार्डातलं काम असेल तर सौद्याच्या दिवशी एक फेरी जास्तीची.

कारखान्याच्या भिंतीला लागून उसाचं शेत असेल तर हंगाम बघा. ऑगस्टमध्ये पुरुषभर उंचीचा ऊस भिंतीपर्यंत आलेला असतो आणि त्यात पाच माणसं लपली तरी कळत नाही. तोड झाल्यावर तीच जागा मोकळी, चकचकीत दिसते. फेब्रुवारीत पाहणी करून "पश्चिम बाजू सुरक्षित" असं लिहिलेला अहवाल जुलैत खोटा ठरतो. शेतमालकाशी बोलून भिंतीलगतच्या दोन सऱ्या मोकळ्या ठेवता आल्या तर तारेच्या कुंपणाइतकाच उपयोग होतो. त्या बदल्यात ठरावीक रक्कम द्यायला कारखानदार सहसा तयार होतो.

वॉचमनशी बोलताना साहेबी सूर नको. "मामा, रात्री इथं कोण कोण येतं हो?" असं विचारून चहा घेतला की मालकाला दहा वर्षांत न कळलेल्या गोष्टी दहा मिनिटांत कळतात. मात्र त्याचं नाव अहवालात घालू नका. ते घातलंत तर त्याची नोकरी जाईल आणि पुढच्या वेळी तुमच्याशी कुणी बोलणार नाही.

गेट, गेटपास आणि वजनकाटा

पाहणीतला निम्मा वेळ इथे द्या. गेटपासची पुस्तकं उघडा. नंबर छापील आणि सलग आहेत का? मधले पास कुठे गेले? 'रद्द' लिहिलेल्या पासच्या तिन्ही प्रती पुस्तकात आहेत का? तीन प्रतींपैकी एक गाडीबरोबर जाते, एक गेटवर राहते आणि एक हिशोबनिसाकडे जाते. संध्याकाळी गेटची प्रत आणि हिशोबाची प्रत ताडून बघणारा माणूस माल भरणाराही नसावा आणि गेटवरचाही नसावा. बहुतेक ठिकाणी ही ताडणीच होत नाही. मग तीन प्रती छापणं म्हणजे नुसता कागदाचा खर्च.

फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आणि मशीन शॉपमध्ये परत येणाऱ्या मालाचे पास वेगळे असतात. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेले कास्टिंग (ओतीव भाग), पॅटर्न (साच्याचे नमुने), मोटारी यांची पंधरा दिवसांवरची थकीत यादी मागा. ती यादीच नसेल तर गळती तिथेच सापडायची शक्यता मोठी.

भंगाराच्या गाडीसारखं सोयीचं वाहन दुसरं नाही. वर गंजका पत्रा, खाली तांब्याची वायर नाहीतर चांगले बेअरिंग. नियम साधा ठेवा: भंगार फक्त दिवसा भरायचं, आधी जमिनीवर पसरून दाखवायचं, गाडी रिकामी आणि भरलेली दोन्ही वेळा तोलायची, आणि भरताना स्टोअरचा माणूस सोडून आणखी एक जण हजर हवा.

आता वजनकाटा. बाहेर जाणाऱ्या मालाचं निव्वळ वजन म्हणजे भरलेल्या गाडीतून रिकामी गाडी वजा. रिकामं वजन फुगवलं की तेवढा जास्तीचा माल कागदावर न येता जातो. ते फुगवायला केबिनमध्ये दोन हमाल बसवतात, पाण्याचं पिंप ठेवतात, डिझेलची टाकी भरून आणतात आणि दुसऱ्या तोलाच्या आधी हे सगळं उतरवतात. बेदाण्याचा बॉक्स १५ किलोचा. दहा बॉक्स म्हणजे १५० किलो. टाकीतलं १८० लिटर डिझेल साधारण तेवढंच भरतं. माल विकत घेताना हाच खेळ उलटा होतो: भरलेलं वजन फुगवतात, रिकामं हलकं करतात. बाहेर जाणाऱ्या मालात आणखी एक युक्ती म्हणजे भरलेल्या गाडीचं एक चाक काट्याच्या कडेबाहेर ठेवणं.

उपाय असे. रिकामं वजन दरवेळी नव्यानं घ्यायचं, जुन्या नोंदीवरून नाही. दोन्ही तोलांच्या वेळी केबिनमध्ये कुणी नको. काट्याच्या पुढे, मागे आणि वरून असे तीन कॅमेरे, फोटो थेट पावतीवर छापणारे. चारही कडा दिसल्या पाहिजेत. सॉफ्टवेअरमध्ये वजन हातानं टाकायची सोय बंद, आणि ती चालू करण्याचा पासवर्ड काट्यावरच्या माणसाकडे नको. काट्यावर वैधमापन खात्याचा या वर्षीचा शिक्का आहे का तेही बघा.

मिनिटांचा हिशोब

चोर दिसल्यापासून माल हातात पडेपर्यंत लागणारा वेळ हा मदत पोचायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त हवा. बाकी सगळं याच्याभोवती फिरतं. एक नमुना घ्या. भिंत ओलांडून आवार पार करायला १ मिनिट, शटर तोडायला ५, तिजोरीला २०. मदत यायला २२ मिनिटं. अलार्म भिंतीवरच वाजला तर चोराला अजून २६ मिनिटं हवीत, मदत आधी पोचते. अलार्म शटर उघडल्यावर वाजला तर त्याला फक्त २० मिनिटं लागणार, म्हणजे मदत येते तेव्हा तिजोरी रिकामी. दोन्ही ठिकाणी सामान सारखंच आहे, सेन्सर लावायची जागा तेवढी चुकली.

मदतीचा वेळ मात्र अंदाजानं लिहू नका. मालकाच्या परवानगीनं रात्री एकदा फोन करून घड्याळ लावा. "पोरं पाच मिनिटांत येतात" याचे पहाटे तीनला पंचवीस होतात. शटरला मध्यभागी सेंटर लॉक आहे का ते तपासा. फक्त दोन बाजूंना कुलपं असतील तर मधून जॅक लावून शटर उचलता येतं, कुलपं जशीच्या तशी राहतात. भिंत आठ फूट आणि वर दोन फूट तार असली, पण बाहेरून ट्रॉली टेकवून ठेवायची सवय असली, तर ती भिंत चार फुटांचीच समजा.

कॅमेरे: इथे गणित लागतं

चेहरा ओळखायचा तर चित्रात एका मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस पटायला १२५ पुरतात. नुसतं कुणीतरी आहे एवढं कळायला २५. हे आकडे आंतरराष्ट्रीय मानकातले आहेत. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा आडवे १९२० पिक्सेल देतो, म्हणजे चेहरा हवा असेल तर त्यानं जास्तीत जास्त साडेसात मीटर रुंदी बघावी. तीस मीटर आवार एकाच कॅमेऱ्यात बसवलं तर मीटरला ६४ पिक्सेल मिळतात आणि पोलिसांना दाखवायला एक धूसर ठिपका उरतो. गेटवर आणि काट्यावर चेहरा हवा, आवारात हालचाल दिसली तरी चालते. प्रत्येक कॅमेऱ्यापुढे तो कशासाठी हे एका ओळीत लिहा. जिथे ती ओळ लिहिता येत नाही तो कॅमेरा काढून टाका.

साठवणीचा हिशोब असा: १ एमबीपीएसचा (सेकंदाला एक मेगाबिट चित्रण पाठवणारा) एक कॅमेरा दिवसाला १०.८ जीबी खातो. २ एमबीपीएसचे १६ कॅमेरे दिवसाला ३४५ जीबीच्या आसपास. तीस दिवस ठेवायचं तर साडेदहा टीबी (१ टीबी म्हणजे १००० जीबी) लागतात. डीलर चार टीबीची डिस्क देतो आणि मालक महिन्याच्या भरवशावर राहतो. अकराव्या-बाराव्या दिवशी जुनं पुसलं जातं. साठ्यातली तूट सहसा महिनाअखेरीला मोजणीत कळते, म्हणजे नेमका हवा तो दिवस गेलेला असतो. लॉकर असलेल्या नागरी सहकारी बँकेचं काम असेल तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार लॉकर खोलीच्या ये-जा करण्याच्या जागेचं चित्रण किमान १८० दिवस ठेवावं लागतं. तिथे डिस्कचं गणित वेगळं मांडा.

"कॅमेरे दिवसा नीट चालतात, रात्री बंद पडतात" ही तक्रार ऐकलीत तर आधी केबल कापून बघा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात ओढलेली असते. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की करंट वाढतो, लांब केबलवर व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा स्वतःच पुन्हा चालू होत राहतो. शुद्ध तांब्याची केबल आणि स्विचपासून १०० मीटरच्या आत कॅमेरा, ही अट निविदेतच घाला. अर्थिंग पाच ओहमच्या आत हवं आणि प्रत्येक बाहेरच्या केबलला विजेचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर. वळवाच्या पहिल्या विजेला निम्मी यंत्रणा जाते ती याच्याचअभावी.

बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये साधे कॅमेरे महिनाभरात आंधळे होतात. दार उघडलं की लेन्सवर दव धरतं. जिथे अमोनियावर थंडी केली जाते तिथे गॅस थोडा जरी गळला तरी तांब्याचे जोड हिरवे पडतात. जोड खोलीच्या बाहेर घ्या आणि कॅमेरा हीटर असलेल्या बंद पेटीत बसवा. खरं तर आतल्यापेक्षा दाराबाहेरचा कॅमेरा जास्त कामाचा, कारण बॉक्स मोजले जातात ते दारात.

रेकॉर्डरचं घड्याळ तपासा. मोबाइलशी जुळवून किती मिनिटं मागे-पुढे आहे ते लिहून ठेवा. कोर्टात चित्रण द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) लागते. हे कोण करणार ते आधीच ठरलेलं बरं. घटना घडल्यावर पेन ड्राइव्ह घेऊन धावाधाव करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

पाणी

सांगली शहरातलं काम असेल तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे पाणीपातळीचे आकडे पाठ हवेत: इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या वर्षी भिंतीवर कुठपर्यंत आलं ते मालकाला विचारून खूण करा. रेकॉर्डर, यूपीएस आणि चाव्यांची पेटी त्या खुणेच्या वर. पूर आला की माणसं जागा सोडतात आणि बंद गाळे आठ-आठ दिवस बेवारस राहतात. ४० फुटांवर कोणता माल हलवायचा, कुणी कुलूप लावायचं, वॉचमननं कधी निघायचं, हे एका पानावर लिहून गेटवर चिकटवा. वॉचमनचा जीव पोत्यांपेक्षा मोठा आहे, हे त्या पानावर स्पष्ट शब्दांत हवं. नाहीतर मामा शेवटपर्यंत बसून राहतो.

वॉचमनची बेरीज

एक जागा चोवीस तास सांभाळायची म्हणजे आठवड्याला १६८ तास. माणसानं ४८ तास काम करायचं धरलं तर साडेतीन माणसं होतात आणि रजा-सुट्ट्या धरून चार. टेंडरमध्ये दोनच लिहिलेली असतात. दोघांनी बारा-बारा तास, आठवड्याचे सातही दिवस केले की प्रत्येकाचे ८४ तास भरतात. पहाटे तीनला तो झोपतो तो आळशी म्हणून नव्हे, या बेरजेमुळे. मालकाला चार परवडत नसतील तर रात्रीची एक जागा कमी करून तिथे सेन्सर सुचवा.

नव्या गार्डचं प्रशिक्षण नियमाप्रमाणे १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असतं. एजन्सीकडे प्रमाणपत्र मागा. फेरीच्या नोंदीला भिंतीवर क्यूआर चिकटवले असतील तर दुसऱ्याच आठवड्यात त्यांचे फोटो मोबाइलमध्ये काढून खुर्चीत बसून स्कॅन होतात. बटणासारखे आरएफआयडी टॅग (यंत्र जवळ नेल्यावरच नोंद होणारी चिप) घ्या, सिमेंटमध्ये पक्के करा आणि फेरीची वेळ दररोज बदला.

सराफी आणि हॉस्पिटल

जून २०२३ मध्ये सांगलीत भरदिवसा एका सराफी दालनावर दरोडा पडला. पोलीस असल्याची बतावणी करून लोक आत शिरले होते. म्हणून सराफाच्या अहवालात पहिली ओळ ही हवी: गणवेश किंवा ओळखपत्र बघून आतलं दार उघडायचं नाही. आधी ११२ किंवा ठाण्याला फोन, मग दार. दोन दारं अशी जोडा की एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडणार नाही. दरोडेखोर रेकॉर्डर उचलून नेतात, तेव्हा दिसणारा एक आणि लपवलेला दुसरा ठेवा. तिजोरीवर आयएस ५५० ची, म्हणजे तिजोरीच्या भारतीय मानकाची, खूण बघा.

मिरजेच्या हॉस्पिटलांत प्रश्न चोरीपेक्षा मारहाणीचा आहे. अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाइकांचा जमाव जमतो, तेव्हा एका रुग्णामागे दोन पास आणि दर तासाला माहिती सांगणारा एक ठरावीक माणूस याचा उपयोग चार बाउन्सरपेक्षा जास्त होतो. डॉक्टरांच्या संरक्षणाचा राज्याचा २०१० चा कायदा आहे, त्याचा फलक लावा. आणीबाणीच्या दाराला मात्र कुलूप कधीच नको. चोरीच्या भीतीनं साखळी घातलेली असते. तिथे आतून ढकलून उघडणारा बार आणि उघडल्यावर वाजणारा भोंगा बसवा.

अहवाल आणि पैसे

पहिलं पान मराठीत, मालकासाठी, एकच. त्यावर तीन गट: उद्या सकाळी फुकट करता येईल ते, महिन्याभरात थोड्या खर्चात होईल ते आणि वर्षात करायचं मोठं काम. मागच्या पानांत प्रत्येक दोषाचा फोटो, त्यातून काय होऊ शकतं, उपाय, कुणी करायचा आणि तारीख. धोक्याला एक ते पाच गुण देऊन गुणाकार करायची पद्धत आहे, पण मालकाला 'पंचवीस पैकी सोळा' यातून काही कळत नाही. "या दारातून एका रात्रीत जास्तीत जास्त अमुक रुपयांचा माल जाईल" हे कळतं.

हा अहवाल म्हणजे चोराला आयता नकाशा आहे. व्हॉट्सॲपवर पाठवू नका. दोन क्रमांकित छापील प्रती, सही घेऊन.

फी दिवसांवर लावा. पाहणीच्या एका दिवसाला लिहायचे दोन दिवस धरा, निम्मी रक्कम आगाऊ घ्या. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी आणि १८ टक्के. कंपन्या १० टक्के टीडीएस कापतील, तो हिशोबात धरा.

डीलरकडून कमिशनचा निरोप हमखास येतो. घेऊ नका, आणि घेत नाही हे करारातच लिहा. सांगलीसारख्या गावात कुणी कुणाकडून काय घेतलं ते संध्याकाळपर्यंत पोचतं. तपशीलवार मापं लिहून द्या, तीन ठिकाणचे दर मालकालाच मागवू द्या. मालकाच्या भाच्याचंच कॅमेऱ्याचं दुकान निघालं तर वाद घालू नका. केबल तांब्याची, डिस्क हिशोबाप्रमाणे, बिल पक्कं, एवढ्या अटी भाच्यालाही लागू करा.

करारात सहा महिन्यांनंतरची अर्ध्या दिवसाची फेरी आधीच घाला. त्या दिवशी चार गोष्टी बघायच्या: गेटपासची ताडणी कुणाच्या सहीनं होते, सर्वात जुनं चित्रण किती दिवसांपूर्वीचं आहे, नोकरी सोडून गेलेल्यांच्या चाव्या परत आल्या का, आणि आणीबाणीच्या दाराला पुन्हा साखळी पडली आहे का.